शेवटून वाचणारे सर

"अजून वाचतेच आहेस? अगं, पूर्वसंशोधनाचा आढावा एआय चुटकीसरशी लिहून देईल," पीएचडीचे मार्गदर्शक सर आपल्या विद्यार्थिनीवर वैतागले.

दुसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने एआयने लिहिलेलं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं. सवयीप्रमाणे सरांनी ते शेवटून उघडलं आणि संदर्भसूचीत आधी स्वतःचं नाव शोधलं. सापडल्यावर स्वारी खुलली.

"हा माझा जुना लेख! फार घाम गाळला होता गं यासाठी. बघ, एआयच्या नजरेतून काही सुटत नाही. हेच प्रकरण पक्कं कर."

"नाही करणार, सर." न वाचलेल्या लेखांची चळत तिने पुन्हा काखेत मारली. "सूचीत या लेखापुढे दिलेल्या नियतकालिकाचे सगळे अंक मी चाळून आले. हा लेख तुम्ही कधी लिहिलेलाच नाही."