पायऱ्यांवरची हजेरी

अकरा मिनिटं उरली होती आणि सामना बरोबरीत होता. बरोबरी चालणार नव्हती. आज जिंकलं तरच क्लब वरच्या विभागात राहणार होता, नाहीतर थेट खालच्या विभागात. मैदानातल्या वीस हजार माणसांना हे गणित पाठ होतं, म्हणून कुणीही बसलेलं नव्हतं.

बसला होता एकटा पाना. तीनशे बारा नंबरच्या खुर्चीवर, दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबून. तो कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. त्याला पाना म्हणतात हे मात्र आजूबाजूच्या खुर्च्यांवर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे तो नुसता ‘काका’ होता.

शेजारच्या मुलीने दोन्ही गालांना क्लबचा रंग फासला होता. “काका, बघवत नाही हो,” ती म्हणाली.

“मग डोळे मीट. काय होतंय ते मी सांगतो.”

ती हसली आणि पुन्हा नखं खाऊ लागली. तिचा नवरा मात्र चिडलेला होता. “खाली गेलो की संपलंच. तिथले सामने बघायला येणार कोण? म्हणे एकच स्टँड उघडा ठेवणार. पश्चिमेचा, पायऱ्यांचा. नंबर-बिंबर काही नाही, मिळेल तिथे बसा.”

“मिळेल तिथे?” पानाने विचारलं.

“हो ना! किती अपमान आहे बघा.”

पानाने मान खाली घातली. दुसऱ्याच्या खिशात हात घालताना पकडलं गेल्यासारखी.

चार वर्षांपूर्वीपर्यंत क्लब खालच्याच विभागात होता. तेव्हा पश्चिमेच्या त्या सिमेंटच्या पायऱ्यांवर सगळी मिळून तीस-पस्तीस माणसं असायची, आणि एवढी जागा मोकळी असूनही ती एकमेकांना चिकटून बसायची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर सामना सुरू होण्याआधी उभे राहून हजेरी घ्यायचे. “पाना?” “हजर!” “भोंगा?” भोंगा असा ओरडायचा की पाहुण्या संघाचा गोलरक्षक वळून बघायचा. कुणी गेल्या शनिवारी आला नसेल, तर त्याला उभं करून चौकशी व्हायची.

“कारण?”

“मेहुणीचं लग्न होतं, मास्तर.”

“कुणाच्या परवानगीने?”

पानाची बायको गेली, त्या आठवड्यातही तो पायऱ्यांवर आला होता. मास्तरांनी त्या दिवशी त्याचं नाव दोनदा पुकारलं होतं. पहिल्यांदा त्याच्या तोंडून आवाज फुटला नव्हता.

मग क्लब जिंकत गेला. वरच्या विभागात चढला, तेव्हा त्या तीस-पस्तीस जणांनी रस्त्यावर नाच केला. नवीन विभागाचे नियम नवीन होते. पायऱ्यांना कुलूप लागलं. प्रत्येकाला नंबरची खुर्ची मिळाली. ती कुणाला कुठली द्यायची हे यंत्राने ठरवलं, आणि यंत्राला पायऱ्या माहीत नव्हत्या. मास्तर कुठल्याशा दुसऱ्या बाजूला गेले, भोंगा आणखी कुठे. एकदा पाना त्यांना शोधायला निघाला, तर रखवालदाराने तिकीट बघून परत पाठवलं. “काका, तुमचं फाटक ते नाही.” फोन नंबर कुणाचाच कुणाकडे नव्हता. दर शनिवारी भेटणाऱ्या माणसाला फोन कशाला करायचा?

आता आठवडाभरात पाना दूधवाल्याशी बोलायचा, आणि शनिवारी या मुलीशी. ती भली होती. पण तिने चार वर्षांत त्याला नाव विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायचं कसं, हे त्याला कधी जमलं नव्हतं.

दोन मिनिटं उरली. तेवढ्यात मधल्या फळीतून एक लांब पास आला आणि क्लबचा नऊ नंबरचा खेळाडू एकटाच पुढे निसटला. समोर फक्त गोलरक्षक.

पाना उभा राहिला. उभं राहायचं त्याने ठरवलं नव्हतं. “मार!” तो ओरडला. “अरे मार, मार!” एक्केचाळीस वर्षांची सवय होती. गळ्याने मनाला विचारलंच नाही. त्या क्षणी त्याला गोल हवा होता. अगदी मनापासून, लहान पोराला हवा असतो तसा.

चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

मग शिट्टी वाजली. सामना बरोबरीतच संपला. खेळाडू गवतावर जागच्या जागी बसले. मुलीच्या गालांवरचा रंग ओघळला. तिचा नवरा पुढच्या खुर्चीवर कपाळ टेकून बसला. माणसं एकेक करून उठली आणि आपापल्या फाटकाकडे निघाली, कुणी कुणाकडे न बघता.

पाना उभाच होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते थांबत नव्हतं. समोर मैदानापलीकडे कुलूप लावलेल्या रिकाम्या पायऱ्या उन्हात पडल्या होत्या. तो तिकडे बघत होता. ओठ थरथरत होते. ते नेमके कशाने थरथरत होते, हे जवळून बघणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

मुलीने त्याचा हात हातात घेतला. चार वर्षांत पहिल्यांदाच.

“काका, रडू नका ना. एका वर्षात परत वर येऊ आपण. बघालच तुम्ही.”

पानाने बाहीने डोळे पुसले.

“येऊ ना, पोरी,” तो म्हणाला. “पण थोडी वर्षं जाऊ देत.”