पत्ता डी ड्राइव्हचा

“अय्यो शरदचंद्र, रिपोर्ट गेले कुठं?” बालाजीराव ओरडले. चेन्नईच्या गिंडी भागातल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे ते मालक. घराणं तंजावरचं, त्यामुळे निदान ओरडणं तरी मराठीत होतं.

अण्णा नगरातल्या एका इस्पितळाचे रक्ततपासणीचे रिपोर्ट साठवणारा प्रोग्रॅम शरदचंद्राने लिहिला होता. विंडोजवर तो वर्षभर बिनबोभाट चालला. मग लिनक्स फुकट मिळतं, असा शोध मालकांना लागला आणि शनिवारी सर्व्हर बदलला. तेव्हापासून एकही रिपोर्ट सापडत नव्हता. एररही आली नव्हती. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळाले नाहीत तर इस्पितळ कंपनीला सोडणार होतं, आणि कंपनी शरदचंद्राला.

“प्रोग्रॅममध्ये डी ड्राइव्हचा पत्ता लिहिलाय,” शेजारच्या टेबलावरची कीर्ती म्हणाली. “लिनक्समध्ये डी ड्राइव्ह नसतोच, सर. रिपोर्ट हवेत गेले.”

“बायको गेल्यापासून तुमचं डोकं ठिकाणावर नाही,” बालाजीराव म्हणाले. अर्चना वारल्यावर सहानुभूती दाखवण्याची त्यांची ही पद्धत होती. “जी जागाच नाही तिथं पाठवत बसता!”

प्रोग्रॅम स्वतः ज्या फोल्डरात होता, तेच शरदचंद्राने उघडलं. सगळे रिपोर्ट तिथंच होते. फक्त नावं हातभर लांब. लिनक्सला डी ड्राइव्ह माहीत नाही आणि विंडोजच्या पत्त्यांतली उलटी तिरकी रेघ त्याच्या लेखी एक साधं अक्षर. तेव्हा ड्राइव्ह, फोल्डर, रिपोर्ट असा अख्खा पत्ताच फायलीचं नाव समजून त्याने प्रत्येक रिपोर्ट जागच्या जागी ठेवून घेतला होता. कुणाला काही न विचारता.

बालाजीरावांनी लगेच इस्पितळाला फोन लावला. “आम्ही शोधून काढलं,” म्हणाले. त्या ‘आम्ही’त शरदचंद्रही असावा.

कीर्तीला राहवेना. “आम्ही सगळे डी ड्राइव्हच्या मागे लागलो होतो. तुम्हाला इथं बघायचं कसं सुचलं, सर?”

“अर्चनाचा मोबाइल मी अजून बंद केलेला नाही, घरीच ठेवलाय. रोज निघताना तिला एसएमएस करतो,” बॅगेची चेन लावत तो म्हणाला. “पोचत नाहीत असं नाही. सगळे माझ्याच कपाटात पडून असतात.”