लाईट येईपर्यंत

डिशवॉशरचा खालचा पत्रा काढून विद्याधर फरशीवर आडवा झाला. गळलेलं पाणी त्याच्या बनियनपर्यंत आलं होतं.

"अहो, मेन स्विच तरी बंद करा," त्याची बायको शरयू म्हणाली.

"लाईटच नाहीये, बंद काय करायचं? पाचपर्यंत येत नाही म्हणालेत, तोवर उरकतो." त्याने कोपरापर्यंत हात आत घातला. "वायर सुटलीये बघ. पकड आण."

पकड हॉलमध्ये होती. शरयूने ती उचलली, तोच खालून सोसायटीतली पोरं ओरडली, "आली, आली!"

तिच्या डोक्यावरचा पंखा सावकाश फिरू लागला.

"अहो," तिने हाक मारली. पोरांच्या गलक्यात ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मारली.

स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. महिनाभर बंद पडलेलं मशीन मात्र घरघरू लागलं.