साडेसातची पट्टी

वृषालीने टीव्हीच्या मागे नवी स्टिक खोचली, वायफायचा पासवर्ड टाकला आणि केबलच्या बॉक्सची वायर काढायला हात घातला.

“तो राहू दे,” बाबा म्हणाले.

“अहो बाबा, आईची मालिकासुद्धा आहे यात. पहिल्या भागापासून, केव्हाही बघा.”

“आधी साडेसात वाजू दे.”

साडेसातला त्यांनी टीव्ही पुन्हा केबलवर आणला. बातम्यांखाली निळी पट्टी सरकत आली: तुमचा कार्यक्रम सुरू होतोय, चॅनल बदलू का? बाबांनी ओके दाबलं. आईची मालिका केव्हाच संपली होती. त्या जागी एक बाई तवे विकत होती. बाबा मन लावून बघत राहिले.

तो रिमाइंडर आईने लावला होता, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. ती परत आली नाही, त्याला दोन वर्षं झाली.

“रोज हेच बघता?” वृषालीने विचारलं.

“रोज विचारते ती. नाही कसं म्हणू?”

बाबांच्या शेजारच्या वेताच्या खुर्चीत वृषाली टेकणार, तोच त्यांनी टीव्हीवरची नजर न हलवता हात आडवा धरला.

“तिथे नको. स्टूल घे.”