बिडाचा तवा आणि तीन चोऱ्या

"हे काय मक्याच्या पिठाचं कॉर्नब्रेड आहे? पुठ्ठा आहे पुठ्ठा! तवा गेला तशी चवही गेली. पोलीस काय करतात देव जाणे," मिस ओडेसा पुटपुटल्या.

पोलीस त्यांच्या शेजारीच, व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो पुठ्ठा खात होता.

ट्रमेननं आणखी एक तुकडा तोडला. अख्ख्या गावाला तो एकटा पोलीस. गुन्हे रोखण्यासाठी सरकार जे अनुदान देई, त्यातून त्याचा पगार निघायचा. ते चालू राहायचं तर सोमवारी राज्याच्या राजधानीला, माँटगोमेरीला, एवढंच कळवायचं होतं, की वर्षभरात गावात एकही चोरी झाली नाही. झालीही नव्हती. हे चारचौघांत सांगायला त्याला लाज वाटे; आपल्याच तोंडानं आपलं कौतुक कसं करायचं?

आणि नेमक्या या आठवड्यात तीन चोऱ्या. आधी मिस ओडेसांचा आजीच्या वेळचा बिडाचा तवा. मग चर्चमधला ढोल, त्याची तक्रार घेऊन चर्चचं काम बघणारे डीकन पर्विस आले. काल न्हावी लॉनीची खुर्ची गेली. तो तर तक्रार द्यायला येताना केक घेऊन आला होता.

ट्रमेननं हात झटकले आणि पिशवीतून तवा काढला.

"सापडला. डीकन पर्विसांच्या स्वयंपाकघरात."

"अगं बाई! तो म्हातारा? मेला चोर कुठला!" मिस ओडेसा म्हणाल्या, पण तव्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"चोर फार नीटनेटका आहे हो. साबण लावलेला नाही. नुसत्या पाण्यानं धुतलाय, कोरडा केलाय, वरून तेलाचा हात फिरवलाय. डीकनना अंडं उकडता येत नाही, मिस ओडेसा. हे त्यांना कोणी शिकवलं?"

मिस ओडेसांची नजर कोपऱ्याकडे गेली. तिथं फुलाफुलांच्या चादरीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. ट्रमेननं चादर ओढली. लॉनीची खुर्ची!

"म्हणजे ढोल लॉनीच्या दुकानात?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"अहो, पण का? चोऱ्या होत नाहीत, म्हणून तर सरकार मला इथं ठेवणार होतं!"

मिस ओडेसांनी तोंडावर हात ठेवला. मग खांदे हलायला लागले. ट्रमेनलाही हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

"तू जाऊ नयेस रे, पोरा. गावात चोरच नाहीत म्हणून तुला उचलून नेतील, असं वाटलं आम्हाला. मग म्हटलं, आपणच होऊ."