ओला ब्रश

तापलेला खिळा औषधाच्या रिकाम्या डबीत शिरला. चर्र झालं, प्लास्टिक जळल्याचा वास सुटला. मुंगीने सांडशीत धरलेला खिळा पुन्हा गॅसवर नेला आणि शेजारी दुसरं भोक पाडलं. मग तिसरं. प्रत्येक भोकाला ती ओठ घट्ट आवळत होती. नुसत्या त्या ओठांवरून कुणीही ओळखलं असतं, की पोरगी कुणाचं तरी उट्टं काढायला बसली आहे.

मुंगी हे नाव बाबांनीच ठेवलेलं. लहानपणी बघावं तेव्हा ती साखरेच्या डब्यापाशी सापडायची म्हणून. मुंगी चावतेसुद्धा, हे तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

बाहेरच्या खोलीत बाबा बॅग भरत होते. म्हणजे शर्ट आपटत होते. "या घरात एक तर ती गाडी राहील, नाहीतर मी," असं त्यांनी काल जाहीर केलं होतं. गाडी अजून दारात आलीसुद्धा नव्हती. आई फक्त चालवायला शिकत होती. शाळेच्या व्हॅनवर तिला कामाला घेणार होते आणि सोमवारी तिची टेस्ट होती.

हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. आईने क्लास लावला की बाबा रुसून काकाकडे जायचे. जाताना दरवेळी कायमचे जायचे. आई थोडे दिवस रडायची, मग हळूहळू ताठ बसायला लागायची, भांडी घासताना गुणगुणायची. आणि नेमके तेव्हाच बाबा उगवायचे. चपला काढून थेट बेसिनपाशी. निवांत दाढी करायची, मग पानावर बसायचं आणि पहिल्या घासाला विचारायचं, "मग, चिरडलंस की नाही कुणाला अजून?" दुसऱ्या दिवशी आईचा क्लास बंद. बाबा मात्र मुक्कामाला.

मुंगी हे बघत बघत मोठी झाली होती. यंदा वादविवादात तिने वरच्या वर्गातल्या भल्याभल्यांची बोलती बंद केली होती. पण बाबांपुढे वाद घालून उपयोग नाही, हेही तिला आता कळलं होतं. मैत्रीण म्हणाली होती, "त्यांच्या दाढीच्या साबणात तिखट कालव." मुंगी खो खो हसली होती. "तिखटाचं काय गं, धुतलं की गेलं. मला न जाणारं काहीतरी हवंय."

बाबांची दाढी झाली. घर सोडताना ते नेहमी तुकतुकीत होऊन निघायचे. मुंगी टॉवेल घेऊन बेसिनपाशी गेली.

"द्या बाबा, मी भरते."

तिने रेझर फिरवून उघडला, त्याचे भाग सुटे केले, पुसले. पातं काढलं. क्षणभर ते दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. मग हलक्या हाताने त्याच्या कागदात गुंडाळलं. साबणाच्या वाटीतला फेस टिपून घेतला, वाटी कोरडी केली, झाकण लावलं. तुरटी वेगळ्या फडक्यात बांधली. लोशनच्या बाटलीचं बूच पिळून पिळून घट्ट केलं. आरसा बनियनच्या घडीत ठेवला. मिशीची कात्री बाजूच्या कप्प्यात. देवाचं सामानही कुणी इतक्या निगुतीने ठेवत नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. "राग गेला वाटतं तुझा," ती हळूच म्हणाली.

"मग काय. तिकडे त्यांना काही कमी पडायला नको."

बाबांची छाती फुगली. "बघ. शिक जरा पोरीकडून," ते आईला म्हणाले. "माणूस घरातून निघाला की त्याचं कसं करावं, ते हिला कळतं."

एवढं बोलून ते थांबले. आई 'जाऊ नका' म्हणेल म्हणून थांबले. मग बाबांनी ओला ब्रश झटकला आणि नेहमीसारखा फळीवरच्या पेल्यात उभा केला.

"हा राहू दे इथेच. ओला ब्रश डब्यात कोंडला की कुजतो. येऊन नेईन आठवड्याभरात."

आईचे खांदे खाली आले. दरवेळचा तोच ब्रश, तोच पेला, तेच वाक्य. त्या ब्रशासाठी बाबा यायचे आणि मग राहायचे.

मुंगीने पेल्यातून ब्रश उचलला. मूठ आवळून केस पिळले. खिशातून डबी काढली. चहूबाजूंनी भोकं पाडलेली, अगदी चाळण. ब्रश तिच्यात मापात बसला. झाकण फिरवून तिने डबी बॅगेत टाकली आणि चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

"भोकं आहेत हिला, बाबा. वारा लागत राहील."

बाबांनी फळीकडे पाहिलं. मुंगी ती पुसत होती. पेला पालथा घालून झाला होता.

"कात्री?" त्यांनी विचारलं.

"बाजूच्या कप्प्यात."

"तुरटी राहिली असेल."

"फडक्यात बांधलीय."

बाबांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. खुंटी रिकामी, खिडकी रिकामी, बेसिन कोरडं. विसरायला घरात काहीच उरलं नव्हतं. शेवटी ते आईकडे वळले आणि बॅग किंचित पुढे केली. "पण ब्रश तर ओलाच आहे अजून."

आईने एकदा मुंगीकडे पाहिलं. मग पुढे होऊन दार सताड उघडलं.

"वाटेत वाळेल," ती म्हणाली.