चाळीस पानांनंतरची प्रार्थना

निवृत्तीनंतर मी चार वर्षं ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकलो. प्रार्थनेने देवाचं मन बदलतं का, यावर चाळीस पानी प्रबंध लिहिला आणि शेवटी 'बहुधा' एवढंच म्हणून थांबलो. तेव्हापासून मला साधी प्रार्थनाही धड जमेना.

आज बायकोला ऑपरेशनसाठी आत नेत होते. ती म्हणाली, "अहो, माझ्यासाठी दोन शब्द प्रार्थना करा ना."

मी तिचा हात धरला. "हे प्रभू, तू सर्वज्ञ आहेस. म्हणजे, एका मतानुसार..."

"अहो, स्ट्रेचरवाले खोळंबलेत!"

मी घाबरून डोळे मिटले. "देवा, हिला परत पाठव. माझे मोजे कुठे असतात, तेसुद्धा मला माहीत नाही."



"आमेन," ती म्हणाली. "खालच्या खणात."